प्रमाणपत्रापेक्षा करारावर भांडा

राम राम दादा,

"हरित भागीदारी म्हणजे युरोपच्या सुपरमार्केटांचे नियम आणि आमचा खर्च, एमआरएल (मालात औषधाचा किती अंश चालेल ती कायदेशीर मर्यादा) हा तर अडवणुकीचा बहाणा," असं तुम्ही युरोपला होणाऱ्या द्राक्ष निर्यातीबद्दल लिहिलंत. खर्चाचं अगदी खरं. ग्लोबलगॅप या शेतीपद्धतीच्या प्रमाणपत्राची तपासणी, माती, पाणी आणि रेसिड्यू म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या चाचण्या, सगळं बागायतदाराच्या माथी येतं. गटाने प्रमाणपत्र घेतलं तर भार वाटला जातो. मात्र एकाच्या ढिलाईने अख्ख्या गटाचं प्रमाणपत्र लटकू शकतं, तेव्हा गटात नातं बघून कुणाला घेऊ नका.

एमआरएलचं मात्र अर्धंच पटतं. 2010 मध्ये लिहोसिनच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या, रेसिड्यूमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. तो तिथला कायदा होता आणि ते रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. दुकानांचे नियम याहून वेगळे. काही साखळ्या एमआरएलच्या एक तृतीयांशापर्यंतच रेसिड्यू चालवून घेतात, तेही एका नमुन्यात औषधांच्या चार-पाच घटकांपुरते. खरी मेख इथे आहे! घटक कमी ठेवायचे म्हणून तेच बुरशीनाशक पुन्हा पुन्हा मारलं की केवडा हा बुरशीजन्य रोग त्याला दाद देईनासा होतो. शिवाय लेबलवरचा पीएचआय (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचा काळ) एमआरएलच्या हिशेबाने असतो, एक तृतीयांश गाठायला तो पुरेलच असं नाही. म्हणून फवारणीचं वेळापत्रक काढणीच्या तारखेपासून उलटं मांडा. आंतरप्रवाही (झाडात शोषली जाणारी) औषधं शक्यतो फुलोऱ्याआधी आटपा, मणी सेट झाल्यावर भुरी या बुरशीजन्य रोगाला गंधक, मण्यांत पाणी उतरल्यावर जैविक.

पण बागायतदार बुडतो तो सौद्यात. कन्साइनमेंटवर, म्हणजे विकल्यावर मिळेल तो भाव घ्यायच्या बोलीवर, माल गेला की भाव नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात ठरतो आणि वजावट मागाहून कळते. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दहाएक दिवसांनी लांबला. देठ वाळले, मणी गळाले, तर नुकसान कुणाचं? करारात लिहून घ्या: किमान हमी भाव, माल पोचल्यापासून 48 तासांत तिऱ्हाइताकडून तपासणी, उशिराच्या नुकसानीची वाटणी आणि कंटेनरमधल्या लॉगरची, म्हणजे तापमान टिपणाऱ्या यंत्राची, नोंद दोघांनाही. काढणीनंतर काही तासांत प्रीकूलिंगला 4 अंशांपर्यंत आणलेला माल वाटेत तापला, हे लॉगरशिवाय कसं दाखवणार?

भागीदारीत समोरच्याचेही पैसे अडकलेले असावेत. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत 2022 साली इन्कोफिन, कोरीस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये घातले. व्हॉट्सॲपवरच्या चार ओळींच्या सौद्यात समोरच्याचं काहीच अडकत नाही. यंदा निर्यातदाराचा करार हातात आला की आधी वजावटीचं कलम वाचा, भाव नंतर.