मी काकू आणि हे सर

तर मुद्दा असा की मी आणि आमचे हे जवळपास एकाच वयाचे, उलट हेच वर्षभराने मोठे, डोक्यावरचे केस तर यांचे कधीचेच गेले, पण नागपूरच्या बर्डीवरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोट्ट्याने दार उघडल्या उघडल्या मला काकू म्हटलं आणि यांना सर. "या ना सर, बसा. ए, काकूंना स्टूल दे रे."

घ्यायचा होता ऑल-इन-वन, म्हणजे वेगळा डब्बा नसलेला, स्क्रीनमध्येच सगळं असलेला कॉम्प्युटर. हॉलमध्ये देवघर आणि कूलरच्या मधात जेवढी जागा उरते तेवढ्यात मावला पाहिजे, वायरींचा गुंता नको, आणि बारावीच्या नावाखाली चिरंजीव काय बघून राह्यले ते येता-जाता दिसलं पाहिजे. बजेट चाळीस हजार. मी लग्नाच्या आधीपासून टॅलीवर बसते, ऑफिसात प्रिंटर अडला तरी लोक मलाच हाक मारतात. यांना घरच्या वायफायचा पासवर्ड अजून मी चिठ्ठीवर लिहून देते.

मी विचारलं, प्रोसेसर कोणता आहे? उत्तर यांना मिळालं. "सर, इंटेल आहे, एकदम लेटेस्ट." अरे बाबा इंटेल तर आहेच, स्वस्तातला हळू सेलेरॉन आहे की त्याच्या वरचा आय थ्री? "सर, घरच्या युजला सेलेरॉन मस्त चालते." आणि हे मान डोलवून राह्यले. यांच्याकडे सगळेच मान डोलवतात, सासऱ्यांनी मान डोलवता डोलवता बेसा रोडचा प्लॉट हातचा घालवला, पण तो वेगळा विषय आहे. मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "काकू, यात व्हाईट कलर पण येते, भिंतीला मॅच होईल." माझ्या भिंती कोणत्या रंगाच्या आहेत हे याला कोणी सांगितलं?

मग म्हणे सर, बावीस हजारात आय सेव्हन देतो, रिफर्बिश्ड आहे, म्हणजे वापरून झालेला, दुरुस्त केलेला, पण नव्यासारखा. मी सरळ माऊस हातात घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, आय सेव्हन ४७७०एस. तो पहिला चार म्हणजे चौथी पिढी, २०१३ चा माल. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग यावर चालवायचं काय? त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि यांना म्हणाला, "काकूंनी लय रिसर्च केला न सर."

एवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे काकाजी उठले. पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा, हातात प्लास्टिकची पिशवी. मला वाटलं तेही गिऱ्हाईकच असतील. ते आले, आमच्या पुढ्यातल्या मशीनच्या मागे गेले आणि बोटाने दोनदा ठोकून पाहिलं.

"पोकळ आहे," असं जाहीर केलं. मग वाकून टेबलाखाली बघितलं. "याचा डब्बा कुठी हाय बे?"

"काकाजी, यातच असते सगळं, स्क्रीनच्या मागे."

"मंग गरम झालं तर गरमी जाते कुठी?"

अख्ख्या दुकानात एवढा एकच कामाचा प्रश्न विचारला गेला. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीस पार करतो, दुपारी कूलर खसच्या ताट्या भिजवून ओली हवा फेकत असतो, आणि या पातळ मशीनमध्ये बहुतेक सगळं सामान लॅपटॉपचंच, छोटासा पंखा आणि बोटभर जाळी. पोट्टा म्हणाला, एसीत ठेवायचं न काकाजी. "मंग एसी बी तूच देतं का फुकट?"

मग म्हणाले, स्क्रीन गेली तर? पूर्ण मशीन जमा करावी लागते म्हटल्यावर खूश झाले. एकत्र कुटुंबच हाय म्हणे हे, एकाचं पोट दुखलं का सारे दवाखान्यात.

यानंतर त्यांनी पिशवीतून जे काढलं ते मी जन्मात विसरणार नाही. एक सीडी. त्यांच्या निरोप समारंभाची, जिल्हा परिषदेतून रिटायर झाले तेव्हाची. घरचा कॉम्प्युटर बंद पडला, पोरगा पुण्याले, तो म्हणते बाबा आता सीडी कोणी पाहत नाही. म्हणून हे बर्डीवर येतात, दुकानात बसतात, आणि नवीन मशीन दिसलं की याच्यात टाकून पाहा बरं म्हणतात. आजकाल ऑल-इन-वनमध्ये सहसा सीडीची जागाच नसते, त्यामुळे समारंभ काही लागत नाही, पण चहा मिळतो. माझ्यासमोर मिळाला. मी चाळीस हजारांचं गिऱ्हाईक, मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, काकाजी, यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राईव्ह मिळतो, दीड-दोन हजारांत. ते पोट्ट्यावर असे उखडले! "मी कधीचा येऊन राह्यलो, तुले हे सांगता नाही आलं? हे बाई ठेव दुकानात अन् तू जाय घरी." पोट्टा हसला. हेही हसले. मी नाही हसले.

शेवटी बारावी पिढीचा आय थ्री, आठ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे हे लेखी घेतलं. पैसे माझ्या फोनवरून गेले. बिल यांच्या नावावर आलं. माझं नाव टाका म्हटलं तर, "काकू, सिस्टिममध्ये एकदा गेलं की चेंज नाही होत. अन् घरचंच तर आहे न." घरचंच आहे तर माझं नाव टाकायला काय धाड भरली होती?

वरून निघताना त्याने विचारलं, "सर, लाईट जाते का तुमच्याकडे?" सर म्हणाले, छे. सर दिवसभर ऑफिसात असतात, तिथे जनरेटर आहे. याला लॅपटॉपसारखी बॅटरी नसते, लाईट गेली की थेट काळोख, चिरंजीवांचा अर्धा प्रोजेक्ट त्यातच गेला. लाईट गेल्यावर थोडा वेळ मशीन चालू ठेवणारा, तीनेक हजारांचा ६०० व्हीएचा यूपीएस मग मीच मागवला.

परवा मध्यरात्री लाईट गेली आणि तो यूपीएस कुईं कुईं करायला लागला. बाजूच्या पलंगावरून आवाज आला, "अगं, काहीतरी वाजून राह्यलं. बघ ना जरा."