टेलला पोचले का?

काल दुपारपासून माझ्या उजव्या काखेला पेट्रोलचा वास येतो आहे आणि तीनदा अंघोळ करूनही तो गेलेला नाही. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या घरासमोर १९७२ ची एमजीबी ही जुनी स्पोर्ट्स कार उभी असते. तिच्या इंधनाच्या नळ्या बदलताना हे घडले. जुनी नळी वाकवली की तिच्यावर हिवाळ्यातल्या टाचेसारख्या भेगा दिसत होत्या, त्यामुळे काम टाळण्यासारखे नव्हते.

गाडी स्टँडवर चढवून मी पाठीवर सरपटत आत शिरलो, तेवढ्यात सासरे खुर्ची घेऊन आले. अण्णा सांगलीकडे पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते आणि जगातला कोणताही द्रव त्यांच्या लेखी कालव्याचे पाणीच असते.

“जावईबापू, आवर्तन बंद केलंत का?” आवर्तन म्हणजे कालव्याला पाळीने सोडलेले पाणी.

“बॅटरी काढलीय, अण्णा,” मी म्हणालो. (सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यामुळे कंबरही दोनदा मोडते.)

“बॅटरीचं नाही विचारत मी. हेडला पाणी उभं असताना चारीला हात घालायचा नसतो.”

हेड म्हणजे कालव्याचे तोंड आणि चारी म्हणजे त्याचा छोटा फाटा. गाडीखाली माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, हे बरे झाले. मी क्लिप सैल केली आणि टाकी आदल्याच दिवशी काठोकाठ भरल्याचे मला त्या क्षणी आठवले. पेट्रोल मनगटावरून कोपराकडे आणि कोपरावरून काखेत, उताराचा पूर्ण मान राखत गेले.

“फुटला,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हते.

मी नळीच्या तोंडावर बोट दाबून बूच मागितले. बूच शोधता शोधता त्यांनी मला एका फुटलेल्या कालव्याची समग्र हकिकत ऐकवली, जिच्यात वाळूची पोती, रात्रीचे दोन आणि कोणाचेही न ऐकणारा एक मुकादम होता. तो मुकादम कोण, हे मला समजले होते. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या खिशातली पेन्सिल पुढे केली. ती नळीत चपखल बसली, याचा राग मला अजून आहे.

हे सगळे इथेनॉलमुळे होते, असे मी चिडून सांगितले, तर त्यांची छाती फुगली. “म्हणजे उसाचंच की! आमच्याकडे वीस टक्के घालतात.” इथे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. कमी इथेनॉलचे पेट्रोल मिळते, पण महाग. धोरण ठरवणारे ठरवून मोकळे होतात आणि नळ्या बदलायला गाडीखाली जातो तो मी, हे काही मला विनोदी वाटत नाही.

संध्याकाळी नव्या नळ्या बसल्या, बॅटऱ्या जोडल्या आणि मी किल्ली फिरवली. मागचा पंप टकटक करू लागला. पुढच्या दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की ही टकटक थांबते. थांबली नाही, तर कुठेतरी गळते आहे असे समजावे. मी श्वास रोखून ऐकत होतो.

“टेलला पोचलं का?” अण्णांनी विचारले. टेल म्हणजे कालव्याचे शेवटचे टोक.

टकटक मंदावली आणि थांबली. मला आनंदाने ओरडावेसे वाटले, पण अण्णा तोपर्यंत सांगलीला फोन लावून बसले होते.

“गाडी होय? आत्ताच बंद पडली. पण गळती थांबवली आम्ही.”