‘उंदराला बादलीभर पाजलं की कॅन्सर होणारच’ हे खरं नाही

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. म्हणे केमिकलमुळे कॅन्सर होतो हे फक्त उंदरांवरून ठरवलंय, उंदराला काहीही बादलीभर पाजलं तर कॅन्सर होणारच, उंदीर म्हणजे माणूस नाही, आणि कॅन्सर शेवटी नशिबाचा भाग. ऐकायला पटतं म्हणून लोक धडाधड पुढे पाठवतायत, मला मात्र हे वाचून राग येतो, कारण यातलं जे खोटं आहे त्याची किंमत कारखान्यातल्या कामगारांनी मोजलीये.

आधी तो बादलीभर डोस. डोस मोठा असतो हे खरंय, पण का, ते मेसेजमध्ये नाही. अशा प्रयोगात उंदरांच्या एका गटात साधारण ५० नर आणि ५० माद्या असतात. समजा एखादं केमिकल १०,००० जणांत एकाला कॅन्सर करत असेल तर एवढ्याशा उंदरांत ते दिसणारच नाही, पण एक कोटी लोकांत तीच १,००० माणसं होतात! म्हणून डोस वाढवतात, तोही उंदीर नुसत्या विषबाधेने मरणार नाही इतपतच. आणि काहीही दिलं तरी कॅन्सर होतो हे तर साफ चूक, केमिकल विषारी आहे का ते तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने असे शेकडो अभ्यास केलेत, त्यातल्या बऱ्याच केमिकल्सनी एवढ्या डोसलाही कॅन्सर केला नाही, आणि त्यातली बरीचशी मुळात संशय होता म्हणूनच निवडलेली होती.

शिवाय डोस दरवेळी अवाढव्य असतोच असं नाही. पीव्हीसी ज्यापासून बनतं ते व्हिनाइल क्लोराइड घ्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतल्या बोलोन्यात चेझारे माल्तोनी या शास्त्रज्ञाने, तेही प्लॅस्टिक कंपन्यांच्याच पैशातून, उंदरांना हा वायू हुंगायला दिला आणि २५० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५० भाग) त्यांच्या लिव्हरमध्ये अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर दिसला, जो एरवी फारच दुर्मिळ. त्या वेळी अमेरिकेत कामगारांसाठी मर्यादा होती ५०० पीपीएम, म्हणजे माणसं कायद्याने त्याच्या दुप्पट हुंगू शकत होती. जानेवारी १९७४ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातले कामगार नेमक्या याच कॅन्सरने गेल्याचं जाहीर झालं. मग मर्यादा आली १ पीपीएमवर. उंदरांनी आधी सांगितलेलं, ऐकलं उशिरा.

उंदीर म्हणजे माणूस नाही, हे मान्य. साखरेऐवजी वापरतात त्या सॅकरिनने उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या, पण तसं का होतं ते शोधल्यावर कळलं की ती प्रक्रिया माणसाला लागू होत नाही, आणि २००० साली ते अमेरिकेच्या कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीतून काढलं. हे शोधलं कोणी, तर याच टॉक्सिकॉलॉजीवाल्यांनी, म्हणजे विषारी पदार्थांचा अभ्यास करणाऱ्यांनी. पण हा फरक उलट्या दिशेनेही चालतो बरं का, एखाद्या प्राण्याला झालं नाही तरी माणसाला होऊ शकतं! रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतोय हे लुडविग रेन या जर्मन सर्जनने १८९५ मध्येच लिहिलं होतं, म्हणजे इथे माणसं आधी, प्राणी नंतर. त्यातलं बीटा-नॅफ्थिलअमाइन कुत्र्यांना दिल्यावर १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांना तोच कॅन्सर दिसला. अशी बरीच केमिकल्स स्वतः डीएनएला हात लावत नाहीत, शरीरातली एन्झाइम्स त्यांना बदलतात आणि बदललेलं रूप डीएनएला चिकटतं. एन्झाइम्स प्राण्यागणिक वेगळी, त्यामुळे एका प्राण्यात काही झालं नाही म्हणून माणूस सुरक्षित, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

राहिलं नशीब. हे बहुतेक २०१५च्या तोमासेत्ती आणि व्होगेलस्टाइन या शास्त्रज्ञांच्या पेपरवरून आलंय. त्यांनी शरीरातल्या वेगवेगळ्या अवयवांची तुलना केली होती, एका अवयवात दुसऱ्यापेक्षा जास्त कॅन्सर का होतो त्याची, आणि पेशी किती वेळा विभागतात याच्याशी ते जुळलं. कारखान्यात बेंझीन हुंगणाऱ्याला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) का होतो हा त्यांचा प्रश्नच नव्हता. आणि अमुक जण तीस वर्षं अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये राबला, ठणठणीत आहे, असं कोणी म्हणालं तर त्याला एवढंच विचारा की ते काम सुरू करून किती वर्षं झाली, कारण अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा (बहुतेकदा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) पहिल्या संपर्कानंतर साधारण २० ते ४० वर्षांनी, कधी त्याहून उशिरा दिसतो.