मालकांचं उत्तर: फाइल डिलीट केली होती, तरी पासवर्ड का बदलायला लावले?

नमस्कार सर,

तुमच्या ॲपचे पासवर्ड सुरक्षित करण्याच्या आमच्या कामाला तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला आणि तुमच्या टीमला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. आमची फर्म छोटी आहे, नवीन कामं बहुतेक इथले रिव्ह्यू वाचूनच येतात, त्यामुळे उत्तर जरा लांबलं तर समजून घ्या.

रिपोर्ट समजायला जड गेला, फोन लगेच उचलला गेला नाही, या तक्रारींवर वाद घालत नाही. पण "पासवर्डची फाइल आम्ही आधीच डिलीट केली होती, तरी बिल फुगवायला यांनी सगळे पासवर्ड बदलायला लावले" हे वाक्य मनाला लागलं. बिलाचं आधी सांगतो. काम एकरकमी ठरलं होतं. एक पासवर्ड बदलला काय नि सगळे बदलले काय, आम्हाला एक पैसा जास्त मिळणार नव्हता. उलट काम वाढलं ते आमचंच. तुमच्याकडे सही केलेलं कोटेशन आहे, ते एकदा काढून बघा.

आता फाइलचं. ती गोष्ट तुम्ही स्वतःच इथे लिहिली आहे आणि त्यातले पासवर्ड आता बदललेले आहेत, म्हणूनच उघड बोलतोय. तुमचं ॲप डॉकरवर चालतं: ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये, म्हणजे तयार गठ्ठ्यात, बांधायचं आणि त्यावरून कंटेनर, म्हणजे चालतं ॲप, सुरू करायचं. ती इमेज कशी बांधायची हे सांगणाऱ्या तुमच्या डॉकरफाइलमध्ये सुरुवातीलाच अख्खा फोल्डर इमेजमध्ये कॉपी होत होता. काय कॉपी करायचं नाही हे सांगणारी डॉट डॉकरइग्नोर फाइल नव्हती, त्यामुळे कोडच्या जोडीने पासवर्ड ठेवलेली डॉट एन्व्ह फाइलही आत गेली. पुढे चार ओळींनी ती उडवायची कमांड होती. कंटेनर चालू करून आत पाहिलं तर फाइल दिसत नाही, हे खरंच आहे. तुमच्या डेव्हलपरने मला तेच दाखवलं आणि "बघा, नाहीये" म्हणाला.

पण इमेज ही एकावर एक थरांची असते. कॉपीच्या ओळीचा एक थर, डिलीटच्या ओळीचा वेगळा थर. नंतरच्या थरात फाइल उडवली की "ही फाइल दाखवू नका" एवढी खूण तिथे पडते, मूळ थराला हातही लागत नाही. भिंतीवरच्या अक्षरांवर चुना फासावा तसं. ज्याच्याकडे इमेज आहे त्याच्याकडे तो खालचा थरही आहे. मीटिंगमध्ये मी तुमच्याच लॅपटॉपवर डॉकर सेव्ह कमांडने इमेज एका टार फाइलमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) काढली, ती उलगडली, कॉपीचा थर उघडला आणि डेटाबेसचा पासवर्ड जसाच्या तसा स्क्रीनवर आला. तेव्हा खोलीत कोणी चकार शब्द काढला नाही, आणि आता रिव्ह्यूत "उगाच घाबरवलं" असं लिहिलंय. वाईट वाटतं सर.

"आमची रजिस्ट्री प्रायव्हेट होती" हा तुमचा दुसरा मुद्दा. रजिस्ट्री म्हणजे इमेज जिथे ठेवतात आणि जिथून ओढून घेतात ते कोठार. प्रायव्हेट म्हणजे कोणालाच दिसत नाही असं नव्हे, ज्यांना हक्क दिलेत त्यांना दिसते. त्या यादीत काम सोडून गेलेले लोक होते, बाहेरचे कंत्राटदार होते, टेस्टिंग सर्व्हर होते. ज्यांनी ज्यांनी इमेज ओढली त्यांच्या मशीनवर ते थर अजून पडून असू शकतात. रजिस्ट्रीतून टॅग, म्हणजे इमेजच्या नावाची चिठ्ठी, काढला तरी साफसफाई चालवेपर्यंत थर तिथेही राहतात. असं झालं की फाइल शोधत फिरण्यात अर्थ नसतो, पासवर्डच निकामी करावा लागतो. दुसरा उपाय मला तरी माहीत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या.

"यांच्यामुळे संध्याकाळी ऐन गर्दीत ॲप बंद पडलं." हे लिहिताना अर्धीच गोष्ट लिहिलीत. आमच्या प्लॅनमध्ये क्रम दिला होता: डेटाबेसमध्ये आधी दुसरा युजर नव्या पासवर्डने तयार करायचा, ॲप त्याच्यावर न्यायचं, लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, जुन्या युजरचं कनेक्शन दिसेनासं झालं की मगच त्याला बंद करायचं. म्हणजे मध्ये एक क्षणही ॲप थांबत नाही. हे काम रात्री ठरलं होतं. त्याआधीच संध्याकाळी तुमच्याकडच्या कोणीतरी कंपोज फाइलमध्ये, म्हणजे कंटेनर कसे चालवायचे त्या यादीत, पोस्टग्रेसच्या (तुमच्या डेटाबेसच्या) पासवर्डचा व्हेरिएबल, म्हणजे बाहेरून दिलेलं मूल्य, बदलून सगळे कंटेनर रीस्टार्ट केले. पोस्टग्रेसची इमेज तो व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा, डेटाची डिरेक्टरी रिकामी असतानाच वाचते. तुमच्या डेटाबेसमध्ये कधीचा डेटा होता, त्यामुळे आत पासवर्ड जुनाच राहिला. ॲप मात्र त्याच व्हेरिएबलमधून नवा पासवर्ड घेऊन दार ठोठावत बसलं. आमच्याकडे कामाला असलेला मुलगा घरी जाता जाता वाटेत थांबला आणि त्याने फोनवरून तुमच्या माणसाकडून डेटाबेसमध्येच नवा पासवर्ड टाकून घेतला, तेव्हा ॲप सुरू झालं. त्याचं नाव तुमच्या रिव्ह्यूत "नवशिके" या शब्दात आलंय. नवशिका असेल, पण ते बंद पडलेलं त्यानेच उभं केलं.

तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलं की कुबरनेटीसवर (बरेच कंटेनर सांभाळणारी प्रणाली) गेलं की सीक्रेट, म्हणजे तिथे ठेवलेले पासवर्ड वगैरे, आपोआप एन्क्रिप्ट होतं, एवढ्या खटाटोपाची गरज नव्हती. होत नाही सर. तिथल्या सीक्रेटमध्ये मजकूर बेस६४ मध्ये, म्हणजे नुसता वेगळ्या अक्षरांत लिहिलेला, असतो, तो एका कमांडने कोणीही उलटा करतो. क्लस्टर (कुबरनेटीसच्या मशीनचा संच) स्वतः उभा केला असेल तर एटसीडीत, म्हणजे त्याच्या आतल्या साठ्यात, तो तसाच साठतो, एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं. तिकडे जायला माझी ना नाही, पण या कारणासाठी नको.

बाकी आम्ही काय करून दिलं तेही लोकांना कळू दे. बिल्डच्या, म्हणजे इमेज बांधायच्या, वेळी लागणारं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) आर्ग्युमेंटमधून, म्हणजे कमांडलाच जोडून, दिलं जात होतं. ते इमेजच्या थरांच्या कमांड दाखवणाऱ्या डॉकर हिस्टरीत वाचता येतं, म्हणून बिल्डकिटच्या (डॉकरचा इमेज बांधणारा भाग) सीक्रेट माउंटवर आणलं, तिथे ते तेवढ्या एका कमांडपुरतं असतं आणि कमांडनेच कुठे लिहून ठेवलं नाही तर थरात उतरत नाही. ही सोय डॉकरमध्ये २०१८ पासून आहे, आम्ही काही नवीन शोध लावला नाही. चालत्या कंटेनरचे पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमधून (त्याला दिलेल्या व्हेरिएबलमधून) काढून फाइल म्हणून माउंट केले, म्हणजे बाहेरून जोडले, कारण डॉकर इन्स्पेक्ट ही कंटेनरची माहिती दाखवणारी कमांड चालवणाऱ्याला सगळे व्हेरिएबल दिसत होते आणि तुमचं ॲप क्रॅश झालं की तेच सगळे लॉगमध्ये छापत होतं. हे सगळं आजही तुमच्याकडे नीट चालू आहे. रिव्ह्यूत त्याची एक ओळ असती तर बरं वाटलं असतं.

यापुढे काम सुरू होण्याआधी ग्राहकाशी अधिक बोलून घेऊ, रिपोर्टही सोपा करायचा प्रयत्न चालू आहे, फोनचंही बघतो.

राहता राहिलं एक काम, जे तुमच्या बाजूने अजून व्हायचंय. कुठलं ते इथे लिहिणं बरोबर नाही. मेलवर सविस्तर पाठवलंय, दोनदा आठवणही केली आहे. तारे वाढवा किंवा नका वाढवू, त्या मेलला तेवढं आजच उत्तर द्या.

आपला,
मालक