स्पीकरची गुणगुण आणि बिचारी एचडीएमआय केबल

मॉनिटरच्या हेडफोन जॅकला लावलेले स्पीकर गुणगुणत असतील, तर एक सल्ला हमखास मिळतो: कॉम्प्युटर आणि मॉनिटर जोडणारी एचडीएमआय केबल खराब आहे, सोन्याचा मुलामा असलेली घ्या, तिला फेराइटचा मणी (केबलभोवती बसणारा चुंबकीय पदार्थाचा तुकडा) लावा आणि तरीही थांबलं नाही तर प्लगची अर्थिंगची पिन काढा.

आधी केबल. एचडीएमआयमधून आवाज डिजिटल स्वरूपात जातो. केबल बिघडली तर आवाज तुटतो, चित्रात ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. एकसुरी ‘घूंऽऽ’ अशा बिघाडातून येत नाही. डिजिटलचं अ‍ॅनालॉग, म्हणजे स्पीकरला लागणारा सलग विद्युत संकेत, होतं ते मॉनिटरच्या आत, आणि तिथे शेजार पॉवर सप्लायचा, पडद्यामागच्या दिव्यांचा (बॅकलाइटचा). ब्राइटनेस कमीजास्त करून पाहा, पांढरी विंडो पडद्यावर सरकवून पाहा. सूर बदलला तर चोर मॉनिटरमध्येच आहे. मग स्पीकर थेट कॉम्प्युटरच्या जॅकला लावा.

केबलवर एक आरोप मात्र टिकतो. तिच्या शील्डमुळे (आतल्या धातूच्या वेष्टणामुळे) कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांचे ग्राउंड, म्हणजे अर्थिंगच्या बाजू, जोडले जातात. स्पीकरलाही अर्थिंग असेल तर ग्राउंड लूप, म्हणजे या जोडण्यांचं बंद वेटोळं, तयार होतो आणि घरच्या विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झची, नाहीतर त्याच्या पटीतली घरघर ऐकू येते. पण हे मुलाम्याच्या केबलनेही होणारच! लॅपटॉप असेल तर चार्जर काढा. घरघर थांबली तर संशय लूपवर. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. भागलं नाही तर ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. त्यातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्हीकडचे ग्राउंड वेगळे होतात.

फेराइट मेगाहर्ट्झमधला गोंगाट अडवतो. ५० हर्ट्झच्या घरघरीवर त्याचा जवळजवळ परिणामच होत नाही.

अर्थिंगची पिन काढल्यावर गुणगुण कधीकधी खरंच थांबते, म्हणून तर हा सल्ला पसरतो. पण आत एखादी वायर सुटून धातूच्या बॉडीला टेकली, तर शॉक तुम्हाला बसेल. हे अजिबात करू नका.

एवढ्या सल्ल्यांत सर्वात सोपी गोष्ट राहूनच जाते. मॉनिटरच्या मेन्यूत व्हॉल्यूम २० वर आणि स्पीकरचा नॉब फुल्ल, असं असेल तर स्पीकर गाण्याबरोबर गुणगुणही मोठी करतो. मेन्यूतला व्हॉल्यूम ८०-९० वर न्या, नॉब खाली आणा. ऑडिओ वायर स्पीकरच्या बाजूने काढल्यावरही आवाज येत असेल, तर मॉनिटरला सोडा आणि स्पीकरचा अ‍ॅडॅप्टर बदलून बघा.