जाणकार श्रोता व्हायचे असेल तर

बेळगावात शास्त्रीय संगीताच्या मैफलीला जाणे सोपे आहे. तेथे जाणकार म्हणून ओळखले जाणे मात्र साधनेचे काम आहे, आणि त्या साधनेत कानांचा वापर जितका कमी करावा तितकी प्रगती लवकर होते.

पहिला धडा समेचा, म्हणजे तालाचे आवर्तन जिथून सुरू होते त्या पहिल्या मात्रेचा. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा इतक्या सावकाश येतात, की सम येईपर्यंत माणसाला विजेचे थकलेले बिलसुद्धा आठवते. म्हणून मात्रा मोजण्याच्या भानगडीत न पडता आपण तबलजीच्या मानेवर नजर ठेवावी आणि ती झुकू लागताच गायकाच्या आधी आपला हात मांडीवर आपटून ‘वा!’ म्हणावे. राग ओळखता आला नाही, तर ‘जयपूर-अत्रौली घराण्याचा अनवट राग दिसतो’ असे शेजाऱ्याला सांगावे. तो साधा यमन निघाला, तर ‘पण तीव्र मध्यमाचा लगाव पाहिलात का?’ असे विचारावे. यमनात तो मध्यम असतोच, त्यामुळे धोका नाही.

खरी विद्वत्ता मात्र मध्यंतरात, चहाचा कप हातात आल्यावर दाखवायची असते. इतर गावांत रसिक केवळ घराण्यांवरून भांडतात. आपल्या सीमाभागात त्या भांडणाला भाषेची फोडणीही देता येते. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली जवळच्या सुळेभावीचा, घरची भाषा कानडी, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे, पुढचे वास्तव्य माळव्यातल्या देवासला आणि गळ्यात कबीराची निर्गुणी भजने. एवढी सामग्री हाताशी असताना त्यांचे गाणे ऐकण्यात वेळ घालवणे हा करंटेपणाच म्हणायचा. भीमसेन जोशींच्या अभंगांवर आपण हक्क सांगावा, म्हणजे समोरचा कानडी मित्र त्यांनी गायलेली दासरपदे, म्हणजे हरिदासांची कानडी भक्तिपदे, पुढे करतो. मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली शिवशरणांची कानडी वचने त्याने काढली, की मन्सूरांना तालीम देणाऱ्या, कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँ यांच्या मुलांना आपण कोल्हापूरमार्गे मराठी ठरवून टाकावे. (माझा एक अख्खा बागेश्री राग या वादात बुडाला. वाद मी जिंकला होता, त्यामुळे त्याचे फारसे दुःख नाही.)

मैफलीच्या शेवटची भैरवी सुरू होताच पार्किंगमधून गाडी काढण्यासाठी उठावे, हे वेगळे सांगायला नको.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. शेवटच्या रांगेत खानापूरकडचे कोणी मामा डोळे मिटून बसलेले असतात. त्यांना रागाचे नाव ठाऊक नसते, घराणे ठाऊक नसते, आणि शेवटची बस चुकेल हे ठाऊक असूनही ते भैरवी संपेपर्यंत जागचे हलत नाहीत. त्यांच्या शेजारी आपण चुकूनही बसू नये. बाहेर चपला शोधताना असा माणूस सहज विचारतो, ‘गाणं कसं झालं वो?’, आणि त्या वेळी तबलजीची मान समोर नसते.