पिवळं पिल्लू, लाल पिल्लू आणि मेसेजमधलं गणित

एक मेसेज सध्या कोल्हापुरात साप-सरड्यांचा नाद असलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये फिरतोय, तुम्हालापण आला असेल. त्यात म्हटलंय की ग्रीन ट्री पायथनचं, म्हणजे झाडावर राहणाऱ्या एका परदेशी अजगराचं, पिवळं पिल्लू म्हणजे मादी आणि ते मोठं होऊन हिरवं होणार, लाल पिल्लू म्हणजे नर आणि तो निळा होणार. रंग पहिल्या कातीबरोबर एका रात्रीत बदलतो. हिरवे टोळ खायला घातले की हिरवा लवकर चढतो. आई-बाप निळे असले की पिल्लं शंभर टक्के निळी, म्हणून रेट डबल. आणि साप परदेशी असल्यामुळं फॉरेस्टवाल्यांचा काय संबंध नाही. खाली चार फोटो आणि एक नंबर.

आधी फोटोंचं बघूया. चारातला एक साप अजगरच नाही, तो दक्षिण अमेरिकेतला एमराल्ड ट्री बोआ आहे. पाठीवर पांढरे तुटक आडवे पट्टे आणि ओठाच्या कडेनं खोल खाचांची रांग, नीट झूम केलं तर कुणालापण दिसेल. दोघं फांदीवर वेटोळं घालून बसतात एकदम सारखेच, दोघांची पिल्लं लहानपणी वेगळ्या रंगाची असतात, पण बोआ थेट पिल्लं देतो आणि हा अजगर अंडी घालतो. ज्याला दोन खंडांतले दोन साप ओळखता येत नाहीत तो रंगाची गॅरंटी देणार, घ्या.

आता पिवळं मादी, लाल नर. एका मादीनं घातलेल्या अंड्यांच्या एकाच खेपेतनं पिवळी आणि लाल, म्हणजे खरं तर विटकरी-तपकिरी, अशी दोन्ही पिल्लं निघू शकतात, आणि दोन्ही रंगांत नर-मादी दोन्ही असतात. रंग बघून नर का मादी सांगता आलं असतं तर ब्रीडर लोकांनी शेपटीखाली सळई घालून बघायची कटकट कशाला केली असती? तीपण एवढ्याशा पिल्लावर करत नाहीत, कारण ह्या जातीची शेपटी लय नाजूक, जरा चुकलं की कायमची वाकडी. आणि पिवळं काय लाल काय, दोघांचंही मोठेपणी सहसा हिरवंच होतं. लाल पिल्लू निळं होतं हे कुठनं काढलं देव जाणे.

हा रंग मुळात का बदलतो ते समजलं की मेसेजमधलं निम्मं आपोआप गळून पडतं. हा साप न्यू गिनी बेट, आसपासची छोटी बेटं आणि ऑस्ट्रेलियाचं केप यॉर्क टोक इथला. केप यॉर्कमध्ये विल्सन, हाइनसोन आणि एंडलर ह्या तिघांनी केलेलं काम २००७ साली प्रसिद्ध झालं. त्यातली गोष्ट अशी की पिल्लं रानाच्या कडेला, झाडं पडून मोकळ्या झालेल्या जागांत, जमिनीजवळ राहतात आणि छोटे सरडे वगैरे धरतात. साधारण ५५ सेंटीमीटर लांबी झाली की रंग हिरवा होतो आणि त्याच सुमाराला साप वर झाडांच्या शेंड्याकडं जातो, उंदीर-पक्षी धरायला लागतो. खालच्या पालापाचोळ्यात आणि उन्हाच्या कवडशांत पिवळा-लाल रंग मिसळून जातो, वरच्या पानांत हिरवा. म्हणजे वरनं झडप घालणाऱ्या पक्ष्यांच्या डोळ्यांतनं सुटायचा हा बंदोबस्त आहे. त्यात टोळाचा रंग कुठं आला? हिरवा टोळ खाऊन साप हिरवा होत असता तर उंदीर खाणारे सगळे करडे झाले असते.

वयाबरोबर असा रंग बदलणारा साप आपल्याकडं बघायचा असेल तर पावसाळ्यात पन्हाळ्याच्या उतारावर नाहीतर गगनबावड्याच्या बाजूला गवत्या बघा. मोठा गवत्या साधा गवती हिरवा, अंगावर काही नक्षी नाही. त्याचंच पिल्लू बघितलं तर मानेवर काळी ठसठशीत उलटी व्ही आणि तिच्याजवळ पिवळं, की माणसं दोन वेगळे साप समजतात. पोर मोठं होतं तसं ते काळं-पिवळं फिकट होत जातं. (लांबनंच बघा हां, दाजीपूर-आंबोलीकडं फांदीवरचा हिरवा साप म्हणजे चापडापण असू शकतो, आणि तो विषारी आहे. अजगराचं पिल्लू समजून हात घालणारे महाभाग असतात म्हणून सांगतोय.)

कातीबरोबर एका रात्रीत हे तर साफ खोटं. कात म्हणजे वरची मेलेली कातडी, रंगाच्या पेशी तिच्या खालच्या थरात असतात. बदल होताना जवळनं बघितलं तर पिवळ्या अंगावर आधी इथं एक खवला हिरवट, तिथं दोन, मग पाठीवर ठिपके ठिपके, मग पुंजके, असं चालतं आणि दोन कातींच्या मधेच निम्मं काम झालेलं असतं. कुणाचं सहा-सात महिन्यांत सुरू होतं, कुणाचं वर्ष उलटल्यावर, आणि न्यू गिनीजवळच्या बियाक बेटावरच्या सापांचं तर काही वर्षं रेंगाळतं आणि पिवळा पूर्ण जातच नाही असंपण होतं. म्हणून अर्धवट रंगाचं पिल्लू बघून "आजारी आहे का हो" असा फोन करायची गरज नाही.

आता निळ्याचं, कारण खरा पैसा तिथं आहे. ह्या सापाच्या कातडीत हिरवा रंग असा नसतोच. वरच्या थरात पिवळा रंग असलेल्या पेशी, खाली बारीक स्फटिकांच्या पेशी ज्या प्रकाशातला निळा भाग परत फेकतात, आणि सगळ्यात खाली काळा थर. गणपतीच्या डेकोरेशनला निळ्या लाईटवर पिवळा जिलेटिन पेपर लावला की हिरवं दिसतं, तसंच. म्हणूनच म्युझियमच्या बाटलीत ठेवलेले हिरवे साप काही काळानं निळे पडतात, पिवळा रंग अल्कोहोलमध्ये विरघळून जातो आणि खालचा निळा उघडा पडतो. जिवंत सापात पिवळा कमी झाला की तेच.

तो कमी व्हायची कारणं मात्र एक नाही, अनेक. काही माद्या अंडी धरली की हॉर्मोनमुळं निळसर होतात, काही नंतर परत हिरव्या होतात, काही तशाच राहतात. अशी मादी निळी म्हणून विकली तर तिच्या पिल्लांत निळं काय येणार? काही भागांतल्या सापांत मुळातच निळ्याची छटा जास्त असते, कोफियाउ बेटावरचे तर मोठेपणीपण पिवळे राहतात. आणि ब्रीडर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेल्या लाईन आहेत, त्यांत एकाच जोडीची पिल्लं मोठी झाली की एक निळसर, दोन हिरवट-निळी, बाकी साधी हिरवी असं निघतं, कारण रंग एका जीनवर नाही, बऱ्याच जीनच्या मिळून खेळावर ठरतो.

मला वाटतं मेसेजवाल्यानं हे शंभर टक्क्यांचं गणित बॉल पायथन ह्या दुसऱ्या अजगराकडनं उचललंय. तिथं अल्बिनोसारखे बरेच मॉर्फ, म्हणजे रंगाचे प्रकार, खरंच एकाच जीनवर चालतात, त्यामुळं कागदावर चौकट आखून हिशोब मांडता येतो. पण तिथंसुद्धा गॅरंटी कुणी शहाणा देत नाही. आई-बाप दोघांत अल्बिनोचा जीन लपलेला असेल तर प्रत्येक अंड्याला चारात एक चान्स. आठ अंडी झाली तर दोन अल्बिनो येतील असं वाटतं, पण आठांत एकही न यायची शक्यता साधारण १० टक्के असते. एका जीनच्या सापात ही तऱ्हा, तर ग्रीन ट्रीच्या निळ्यात शंभर टक्के कुठनं आणणार भावा? पिल्लू विकताना ते पिवळं किंवा लाल असतं, निळं झालं का नाही हे कळेपर्यंत विकणाऱ्याचा नंबर बदललेला असतो.

राहिला कायदा. सगळे अजगर साइट्स ह्या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणजे देशाबाहेरनं आणायला कागद लागतात. त्यात वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि यादीतला जिवंत प्राणी ज्याच्याकडं असेल त्यानं नोंद करायची हे त्यात आलं, २०२४ ला त्याचे नियमपण आले, सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा. पिल्लं झाली, मेली, दुसऱ्याला दिली, सगळं कळवायचं. "फार्मचा आहे" ह्या शब्दावरपण जाऊ नका, इंडोनेशियातनं फार्ममध्ये जन्मलेले म्हणून निर्यात होणाऱ्या ह्याच जातीच्या सापांवर लायन्स आणि नाटुश ह्यांनी २०११ ला अभ्यास मांडला, त्यांच्या अंदाजानं त्यातले किमान ८० टक्के रानातनं धरलेले होते.

मेसेजखालच्या नंबरला मी रजिस्ट्रेशनचा कागद दाखवा म्हणून विचारलं. ब्ल्यू टिक आली, उत्तर नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच मेसेज नवीन फोटो लावून परत मलाच.